नाटकं नव्हेत ती!

‘‘तुमच्या मुलीची भारी नाटकं हो!’’ डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या जिन्यात माझ्या ताईला हे किती जणींनी ऐकवलं असेल! मैत्रिणीने फोन उचलला नाही की भाचीला वाटायचं, आपल्याला टाकलं. सकाळी जी जिवाभावाची, ती रात्री वैरीण. मग आदळआपट, स्वतःला इजा करून घेणं आणि नंतर तासन् तास रडणं. ‘लग्न करून द्या, सुधारेल,’ हा सल्ला तर फुकटच मिळतो.

निदान झालं ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’. ताई हबकली. स्वभावालाच कसलं औषध? पण या आजारात मुख्य उपचार गोळ्यांचा नाहीच, मानसोपचाराचा आहे. मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी ‘डीबीटी’ ही पद्धत बसवली. १९९३ मध्ये त्यावरचं त्यांचं पुस्तक आलं. सतराव्या वर्षी स्वतःला इजा करण्यापायी त्या स्वतःच मनोरुग्णालयात होत्या, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं.

ही एक प्रकारची शिकवणीच म्हणा ना! भावनेची लाट आली की ती ओसरेपर्यंत टिकायचं कसं, न भांडता मागायचं कसं, हे चक्क गृहपाठ देऊन शिकवतात. भाची दर आठवड्याला लोकलने ठाण्याला जायची. रोजच्या भावना वहीत टिपायच्या. फारच भडका उडाला तर चेहऱ्यावर गार पाणी. घरच्यांनाही धडा होता. ‘त्यात काय एवढं?’ ऐवजी ‘तुला एकटं वाटलं ना?’ म्हणायचं. हट्ट पुरवायचा नाही, पण दुःख खोटं ठरवायचं नाही. ताईला हे फार जड गेलं. आपल्याकडे पोरींना गप्प करायचीच सवय ना!

मधे दोनदा भाचीने जाणं सोडलं, परत सुरू केलं. आज ती नोकरी करते. खटके उडतात, पण इजा नाही.

अमेरिकेत २९० रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. ९३ टक्के जणांची लक्षणं निदान दोन वर्षं तरी ओसरलेली राहिली. नोकरी आणि नाती मात्र निम्म्यांचीच नीट सावरली होती. म्हणजे वेळ लागतो.

ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये आय.पी.एच. सुरू केली, तेव्हापासून आमच्या भागात समुपदेशकाकडे जाण्याचा संकोच थोडा कमी झालाय. घरात कुणी स्वतःला इजा करत असेल, तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रीही. फ्रिजवर चिकटवून ठेवा.