वेश्या, कायदा आणि संरक्षण

वेश्याव्यवसायाचा विषय सुशिक्षित घरांतून सहसा दोनच प्रसंगीं निघतो. एक, नीतीची चर्चा चाललेली असते तेव्हां. आणि दुसरा, एखाद्या कुंटणखान्यावर पोलिसांची धाड पडल्याची बातमी वर्तमानपत्रांत येते तेव्हां. पहिल्या प्रसंगीं या स्त्रियांचा धिक्कार होतो, दुसऱ्या प्रसंगीं त्यांची कींव केली जाते. या दोहोंहून निराळा असा एक प्रश्न खुद्द या स्त्रियांनींच गेल्या पन्नास वर्षांत जगापुढें मांडला आहे. एखाद्या स्त्रीला मारहाण झाली, तिची मिळकत लुबाडली गेली किंवा तिचा खून झाला, तर ती वेश्या होती एवढ्या कारणास्तव तिचें रक्षण करण्याच्या कर्तव्यांतून राज्यसंस्था मोकळी होते काय, हा तो प्रश्न होय.

येथें 'वेश्या' हा शब्द योजला आहे त्याविषयीं आरंभींच खुलासा केलेला बरा. हा शब्द शिवीसारखा वापरला जातो हें खरें. परंतु सांगलीच्या स्त्रियांनीं आपल्या संघटनेचें नांवच 'वेश्या अन्याय मुक्ति परिषद' असें ठेविलें. ज्यांना तो शब्द लावला जातो त्यांनींच तो उजळ माथ्यानें स्वीकारल्यावर इतरांनीं त्याचा संकोच बाळगण्याचें कारण उरत नाहीं.

या प्रश्नाचा पहिला मोठा उच्चार फ्रान्समधील लिऑं शहरीं झाला. २ जून १९७५ रोजीं सुमारें शंभर वेश्या तेथील सेंट निझिए या चर्चमध्यें शिरल्या आणि आठ दिवस ठाण मांडून बसल्या. त्यांच्यापैकीं कांहीं जणींचे खून झाले होते आणि खुन्यांचा छडा लागत नव्हता. पोलीस मात्र रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांना दंडामागून दंड करीत होते, आणि पुढें तुरुंगाची भीति होतीच. चर्चवर लावलेल्या फलकावर त्यांनीं धर्माचा वा नीतीचा वाद घातला नव्हता; आपल्या आयांनीं तुरुंगांत जावें असें मुलांना वाटत नाहीं, एवढाच त्याचा आशय होता. १० जून रोजीं पोलिसांनीं त्यांना बाहेर काढलें. तथापि एक गोष्ट घडून गेली होती. ज्यांना आजवर फक्त आरोपी म्हणून समाजापुढें उभें केलें जाई, त्या प्रथमच फिर्यादी म्हणून उभ्या राहिल्या.

हिंदुस्थानांत या स्त्रियांची अडचण कोठें आहे, हें समजण्यास कायद्याची रचना नीट पाहिली पाहिजे. ९ मे १९५० रोजीं न्यू यॉर्क येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अनुरोधानें १९५६ सालीं आपल्याकडे एक कायदा झाला. १९८६ मध्यें त्यांत दुरुस्ती होऊन त्यास 'अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम' हें नांव मिळालें. सज्ञान स्त्रीनें स्वेच्छेनें देहविक्रय करणें हा या कायद्यानें गुन्हा ठरविलेला नाहीं. मात्र त्या कृत्याच्या भोंवतालच्या बहुतेक गोष्टी त्यानें गुन्हा ठरविल्या आहेत. दोन स्त्रिया परस्परांच्या लाभासाठीं एका जागेंत धंदा करूं लागल्या, तर ती जागा कायद्याच्या व्याख्येप्रमाणें कुंटणखाना ठरते. एकटीनें राहण्यांतील धोका टाळण्यासाठीं सोबतीण घेतली कीं ती गुन्ह्याच्या कक्षेंत येते ! वेश्येच्या मिळकतीवर जाणूनबुजून उपजीविका करणारी अठरा वर्षांवरील कोणतीही व्यक्ति शिक्षेस पात्र होते. हें कलम अक्षरशः लाविलें तर आईच्या पैशांवर कॉलेजांत शिकणारा मुलगाही त्यांतून सुटत नाहीं. सार्वजनिक जागीं गिऱ्हाइकास बोलाविण्याच्या गुन्ह्यास स्त्रीला पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. तोच गुन्हा पुरुषानें केल्यास कैदेची कमाल मर्यादा तीन महिने आहे.

याचा परिणाम काय होतो तें उघड आहे. ज्या स्त्रीला आपण स्वतःच केव्हां पकडल्या जाऊं याची शाश्वति नाहीं, ती मारहाणीची फिर्याद घेऊन चौकीवर जाणार कशी ? ती जाणार नाहीं हें गुंड जाणतो, घरमालक जाणतो, सावकार जाणतो आणि पैसे न देतां निघून जाणारें गिऱ्हाईकही जाणतें. धाडीच्या वेळीं खोलींत निरोध सांपडले तर तो पुरावा मानला जाई. म्हणून निरोध जवळ बाळगण्याचेंही भय वाटे आणि रोगाला वाट मोकळी होई. या स्त्रियांवरील अत्याचाराचें मूळ माणसांच्या क्रौर्यांत आहेच. परंतु त्या क्रौर्याला निर्भय करणारी वस्तु म्हणजे त्यांची कायद्यापुढील ही दुबळी स्थिति होय.

ही स्थिति पालटण्याचा एक मोठा प्रयत्न कोलकात्यांतील सोनागाछी या वस्तींत झाला. १९९२ सालीं डॉ. स्मरजित जाना यांच्या नेतृत्वाखालीं तेथें एड्सप्रतिबंधाचें कार्य सुरू झालें. रोगाची माहिती सांगण्याचें काम त्यांनीं वस्तींतल्याच स्त्रियांवर सोंपविलें. परंतु कार्यकर्त्यांच्या लवकरच ध्यानांत आलें कीं, निरोध वापरा असें स्त्रीला सांगून भागत नाहीं; कर्जांत बुडालेल्या स्त्रीला गिऱ्हाइकास नकार देण्याची ताकदच नसते. तेव्हां १९९५ मध्यें या स्त्रियांनीं 'दुर्बार महिला समन्वय समिति' स्थापन केली आणि त्याच वर्षीं 'उषा' नांवाची स्वतःची सहकारी पतसंस्था उभारली. नोंदणीच्या वेळीं मोठी मौज झाली. सहकारी कायद्याप्रमाणें सभासदांचें चारित्र्य चांगलें असणें अवश्य होतें. गृहिणी म्हणून नोंद करा, असा सल्ला त्यांना मिळाला. त्यांनीं तो नाकारला, आपला खरा व्यवसायच लिहिण्याचा आग्रह धरला आणि अखेर त्यांच्यासाठीं नियमाचाच अडसर दूर करण्यांत आला. सावकाराच्या अवाच्या सवा व्याजांतून सुटलेली स्त्री दांडग्या गिऱ्हाइकास दार लावूं शकते, हें अर्थशास्त्राचें साधें तत्त्व तेथें प्रत्ययास आलें.

मेळावे आणि परिषदा यांचें महत्त्वही या संदर्भांतच समजून घेतलें पाहिजे. नोव्हेंबर १९९७ मध्यें कोलकात्याच्या सॉल्ट लेक क्रीडांगणावर या स्त्रियांची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. ३ मार्च २००१ रोजीं त्याच शहरांत त्यांचा मेळा झाला आणि सुमारें २५,००० स्त्रिया त्यास जमल्या. परवानगी रद्द व्हावी यासाठीं विरोधकांनीं खटपट केली होती. तरीही मेळा पार पडला. तेव्हांपासून ३ मार्च हा दिवस जगभर वेश्यांच्या हक्कांचा दिवस म्हणून पाळला जातो. १७ डिसेंबर हा दिवस २००३ पासून निराळ्या कारणानें पाळला जातो. अमेरिकेंतील सिअ‍ॅटलच्या परिसरांत अनेक वर्षें स्त्रियांचे खून पाडणाऱ्या गॅरी रिजवे यानें त्या सालीं ४८ खुनांची कबुली दिली. त्याच्या बळींत पुष्कळ वेश्या होत्या. त्या मृत स्त्रियांचें स्मरण करण्यासाठीं हा दिवस ठरला. अशा दिवशीं निघणारी मिरवणूक वरवर पाहणाऱ्यास प्रदर्शन वाटेल. परंतु एकटी स्त्री ज्या चौकीची पायरी चढण्यास भिते, तेथें शंभर जणी मिळून गेल्या कीं तक्रार लिहून घ्यावी लागते, हा धडा ती मिरवणूक देते.

महाराष्ट्रांत हाच धडा सांगलीनें गिरविला. १९९२ सालीं मीना शेषू यांनीं स्थापिलेल्या 'संग्राम' संस्थेच्या कामांतून वर उल्लेखिलेली परिषद निघाली आणि १९९६ मध्यें तिला स्वतंत्र रूप आलें. पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक या भागांत तिचें कार्य पसरलें. वस्तींतील तंटे सोडविणें, आजारी स्त्रीस दवाखान्यांत नेणें, पोलिसांच्या जाचाविरुद्ध एकजुटीनें उभें राहणें आणि मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष पुरविणें, असें तिच्या कामाचें स्वरूप आहे.

न्यायालयांनींही या बाबतींत कांहीं पाउलें टाकिलीं आहेत. १९९९ मध्यें कोलकात्यांत एका वेश्येचा निर्घृण खून झाला. २०११ च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानें खुन्याची जन्मठेप कायम केली. पण तेवढ्यावर न थांबतां या स्त्रियांच्या स्थितीचा विचार करण्यासाठीं पुढें एक समिति नेमली. सप्टेंबर २०२० मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें सुधारगृहांत ठेविलेल्या तीन सज्ञान तरुणींची सुटका केली आणि देहविक्रय हा स्वतः गुन्हा नाहीं, हें स्पष्ट सांगितलें. त्याच महिन्यांत, कोरोनाच्या साथींत उपासमार होत असलेल्या या स्त्रियांना ओळखपत्राचा आग्रह न धरतां धान्य द्यावें, असा सर्वोच्च न्यायालयानें आदेश दिला. महाराष्ट्र सरकारनें ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० या तीन महिन्यांसाठीं दरमहा ५,००० रुपये आणि शाळेंत जाणारीं मुलें असल्यास आणखी २,५०० रुपये देण्याचें ठरविलें. पुढें १९ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्देश दिले कीं, पोलिसांनीं या स्त्रियांशीं सभ्यतेनें वागावें, अत्याचार झालेल्या स्त्रीस तत्काळ वैद्यकीय मदत मिळावी, निरोध हा गुन्ह्याचा पुरावा मानूं नये आणि वर्तमानपत्रांनीं त्यांची नांवें वा छायाचित्रें प्रसिद्ध करूं नयेत. पत्त्याच्या पुराव्यावांचून आधार कार्ड मिळण्याची सोयही झाली. समितीच्या इतर कांहीं शिफारशींविषयीं केंद्र सरकारनें आपली असहमति नोंदविली आणि त्या तशाच राहिल्या. सबब या निर्णयानें सर्व प्रश्न सुटले असा समज करून घेणें चुकीचें ठरेल.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाहीं. फसवून विकल्या गेलेल्या अल्पवयी मुलींचें काय ? वेश्यांना हक्क दिले तर मुलींचा व्यापार करणाऱ्यांचें फावणार नाहीं काय ? कांहीं विचारवंत हा धंदाच मुळीं स्त्रीवरील अत्याचार आहे असें मानतात. स्वीडननें १९९९ पासून गिऱ्हाइकास शिक्षा करणारा कायदा याच विचारानें केला. उलट न्यूझीलंडनें २००३ सालीं हा व्यवसाय गुन्ह्याच्या कक्षेंतून बाहेर काढला आणि चार स्त्रियांपर्यंत एकत्र काम करण्यास परवान्याची अट ठेविली नाहीं. या दोन मार्गांचा वाद मिटलेला नाहीं. मात्र मुलींच्या विक्रीविषयीं दोन्ही पक्षांत मतभेद नाहीं. तो घोर अपराध आहे व त्यास कडक शिक्षा हवी. वस्तींत नवी मुलगी आली तर ती प्रथम कळते शेजारणीला. सोनागाछींत १९९७ पासून याच जाणिवेनें स्वयंनियमन मंडळें नेमलीं गेलीं. नवागत स्त्रीचें वय आणि तिची इच्छा यांची तेथें चौकशी होते, वयाविषयीं शंका आल्यास हाडांची क्षकिरण तपासणी करवितात, आणि अल्पवयी मुलीस वस्तींतून बाहेर काढून सुरक्षित स्थळीं पोंचवितात. ज्या शेजारणीला स्वतःच्या अटकेची धास्ती आहे, ती पोलिसांना वर्दी देणार नाहीं. जिला कायद्याचा आधार वाटतो तीच देईल. म्हणजे सज्ञान स्त्रीचें संरक्षण आणि अजाण मुलीची सुटका हीं कामें परस्परविरोधी नाहींत. पहिल्यावांचून दुसरें नीट साधत नाहीं.

वेश्याव्यवसाय असावा कीं नसावा याविषयीं प्रत्येक घरांत निराळें मत असूं शकेल. परंतु त्या मताचा आणि जखमी स्त्रीला दवाखान्यांत खाट मिळण्याचा, तिच्या मुलाला शाळेंत इतरांबरोबर बसतां येण्याचा, बँकेंत तिचें खातें उघडलें जाण्याचा कांहींएक संबंध नाहीं. त्या दवाखान्यांत डॉक्टर असतो, त्या शाळेंत शिक्षक असतो आणि त्या बँकेंत कारकून असतो. तीं माणसें सुशिक्षित घरांतूनच आलेलीं असतात. न्यायालयाचा निर्देश कागदावर राहणार कीं अंमलांत येणार, हें पुष्कळ अंशीं त्यांच्याच हातीं आहे.