पोलिसांचं म्युझियम: काचेत नेमकं काय ठेवायचं?

एपिसोड ऐकायला वेळ नसेल, तर हा घ्या लिखित भाग.

मी मूर्तिजापूरचा. आमच्या भागातल्या पोलिसांचा इतिहास शोधायचा, तर कागद कुठे सापडतील? वऱ्हाडाचा कारभार 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे गेला. 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला, 1956 मध्ये मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. गाव जागेवरच, पण वरचं ऑफिस दरवेळी बदललं. म्हणजे हैदराबाद, नागपूर, मुंबई असं सगळीकडे फिरा बाप्पा!

असा विखुरलेला इतिहास एका जागी आणणं, हे म्युझियमचं पहिलं काम.

आता कोलकात्याचं उदाहरण बघा. तिथलं पोलीस म्युझियम 1996 पासून राजा राममोहन रॉय यांच्या जुन्या घरात आहे. त्यात 1908 सालचा एक 'पुस्तक बॉम्ब' आहे. क्रांतिकारकांनी जाडजूड पुस्तक आतून कोरून त्यात बॉम्ब बसवला आणि किंग्जफर्ड या मॅजिस्ट्रेटला पाठवला. त्यानं पुस्तक उघडलंच नाही, म्हणून तो वाचला. पोलिसांनी ही वस्तू गुन्ह्याचा पुरावा म्हणून जपली. आज लोक ती स्वातंत्र्यलढ्याचा पुरावा म्हणून बघतात. वस्तू तीच, अर्थ उलटला! म्हणून आज बिनकामाची वाटणारी गोष्टही फेकताना दहादा विचार करायचा.

पण ठाण्यातून वस्तू उचलली आणि काचेत ठेवली, असं होत नाही. मुद्देमालाचं काय करायचं ते कोर्ट ठरवतं. सरकारी कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ठरलेली मुदत संपली की बरेच कागद नष्ट होतात. अत्याचारपीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, त्यामुळे जुना एफआयआर जसाच्या तसा भिंतीवर लावता येत नाही.

आता अवघड प्रश्न. फक्त शौर्यच दाखवायचं का? तुकाराम ओंबळे यांनी 26/11 ला जिवाची बाजी लावून कसाबला धरलं, ते दाखवायलाच हवं. पण 1972 मध्ये आपल्याच विदर्भात, देसाईगंजच्या ठाण्यात आदिवासी मुलीवरच्या अत्याचाराचं प्रकरण घडलं. आरोपी पोलीस सुप्रीम कोर्टातून सुटले, देशभर आंदोलनं झाली आणि 1983 मध्ये कायदा बदलला. हे गाळलं, तर उरेल ती जाहिरात. त्याला म्युझियम कसं म्हणायचं?

आणखी एक. मुंबई पोलिसांचा जुना इतिहास 1923 मध्ये पुस्तकरूपात आला. लिहिणारे एडवर्ड्स स्वतः पोलीस कमिशनर राहिलेले. साहेबांची बाजू छापली गेली. पिवळ्या टोपीतल्या शिपायाची कोण लिहिणार? त्याची ड्युटी, त्याची लाइनीतली खोली, सणाला घरी नसणं, हे कोणत्याच रजिस्टरमध्ये नाही.

इथे आपण कामी येतो. तुमच्या गल्लीत कुणी रिटायर्ड हवालदार काका असतील, तर त्यांना विचारून फोनवर अर्धा तास रेकॉर्ड करा. फाइलच्या नावात तारीख आणि गाव टाका, एक कॉपी दुसरीकडे ठेवा. चालू केसबद्दल विचारू नका. पहिल्या पगाराबद्दल, पहिल्या बंदोबस्ताबद्दल विचारा.

इमारत होईल तेव्हा होईल. काका मात्र थांबणार नाहीत.