सलग चार, पदरात शून्य

अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याची, म्हणजे सुपर बोलची, यंदा साठी झाली. फेब्रुवारीत सँटा क्लाराला सिअॅटलने न्यू इंग्लंडला हरवलं. पण त्याआधी कित्येक महिने वाद रंगला तो मध्यंतरात गायक बॅड बनी गाणार यावर. सामना म्हणजे जणू गाण्याच्या दोन्ही बाजूंचं भरताड. आम्हा बफेलोकरांचा तर जीवच लागला नाही. आमचा संघ बिल्स यंदाही घरीच, आणि 1973 पासूनचं ऑर्चर्ड पार्कचं स्टेडियम आता मोडीत निघतंय.

सुरुवातीची वर्षं उरकून टाकतो. 15 जानेवारी 1967 ला लॉस एंजेलिसमध्ये ग्रीन बेने कॅन्सस सिटीला 35-10 ने हरवलं तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश स्टेडियम रिकामं होतं. दोन वाहिन्यांनी सामना दाखवला आणि दोघींनी पुढे टेप पुसून टाकल्या. 1969 मध्ये क्वार्टरबॅक जो नेमथने आधीच विजयाची बढाई मारली आणि खरी करून दाखवली. मग पिट्सबर्गची चार विजेतेपदं, सॅन फ्रान्सिस्कोची चार. ज्यांना कौतुक आहे त्यांनी करावं.

माझं दशक सुरू होतं 27 जानेवारी 1991 ला, आमच्या पहिल्या सुपर बोलपासून. आखाती युद्ध नुकतंच पेटलेलं, टॅम्पाच्या स्टेडियमच्या दारावर झडत्या, व्हिटनी ह्यूस्टनचं राष्ट्रगीत. आमचा क्वार्टरबॅक जिम केलीचा वेगवान खेळ रोखायला न्यूयॉर्क जायंट्सने चेंडू चाळीस मिनिटांहून जास्त स्वतःकडेच ठेवला. आठ सेकंद उरली, आम्ही 20-19 ने मागे, फील्ड गोल 47 यार्डांवरून. घरच्या मैदानावर कृत्रिम हिरवळ, इथे खरं गवत. आमचा किकर स्कॉट नॉर्वुडची किक उजवीकडून बाहेर गेली. ‘किकरने घालवलं’ असं कुणी म्हटलं की माझं अजून डोकं फिरतं. ती चाळीस मिनिटं बचावफळी काय करत होती, हे कुणी विचारत नाही! दुसऱ्या दिवशी बफेलोच्या नायगरा स्क्वेअरमध्ये हजारो लोक जमले आणि नॉर्वुडच्याच नावाचा गजर करू लागले. माइकपुढे आला तेव्हा बिचाऱ्याचा गळा दाटला होता.

1992 ला वॉशिंग्टनने धुतलं. आमच्या थर्मन थॉमसचं हेल्मेटच ऐन वेळी सापडेना, त्यावर पुढे वर्षभर टिंगल. 1993 ला पॅसाडिनात डॅलसने 52-17. आम्ही चेंडू नऊ वेळा गमावला. मध्यंतरात मायकल जॅक्सन नाचला आणि तिथूनच खेळ मागे पडत गेला. (आमचा तो खेळ पाहता तक्रार तरी कशी करणार?) पण माझ्या डोळ्यांसमोर येतो आमचा डॉन बीबी. डॅलसचा लिऑन लेट चेंडू घेऊन गोलरेषेकडे निघाला, शेवटी हात लांब करून मिरवू लागला. सामना केव्हाच हातचा गेला होता. तरी बीबी मागून जिवाच्या आकांताने धावत आला आणि रेषेच्या तोंडाशी त्याने चेंडू उडवला. 1994 ला मध्यंतरापर्यंत 13-6 ने पुढे होतो; मग थॉमसच्या हातून चेंडू सुटला आणि पुन्हा डॅलसच.

आता तीस सेकंदांच्या जाहिरातीला ऐंशी लाख डॉलर मोजतात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात चर्चाही जाहिरातींचीच. असो. आम्हाला वर्षानुवर्षं प्लेऑफमधून घरी पाठवणारी कॅन्सस सिटी 2023 पासून सलग तीनदा सुपर बोलला पोचली. चौथ्या वर्षी प्लेऑफमध्येसुद्धा नाही. सलग चार सुपर बोल अजून फक्त आमचेच.