'सॅकरिन' हसू आणि साखरेचा खडा

डोंबिवलीच्या एका शाळेतील दहावीच्या विद्यार्थिनीने इंग्रजी निबंधात आजीच्या हसण्याला 'सॅकरिन' हे विशेषण लावले. बाईंनी त्याखाली लाल रेघ मारून एक गुण कापला. मुलीने शब्दकोश उघडून दाखवला. त्यात 'साखरेचा, साखरेसारखा, फार गोड' असे अर्थ होते. बाई वही घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांचे म्हणणे असे की, सॅकरिन म्हणजे नकली साखर, म्हणून सॅकरिन हसू म्हणजे नकली हसू. गुण कापला हे आम्हालाही योग्यच वाटते. बाईंनी दिलेले कारण मात्र बरोबर नाही.

सॅकरिन हे रसायन १८७९ मध्ये सापडले. विशेषण त्याहून कितीतरी जुने आहे. इंग्रजीत ते सतराव्या शतकापासून वापरात आहे. दोहोंच्या स्पेलिंगमध्येही फरक आहे. विशेषणाच्या शेवटी 'ई' हे अक्षर असते, रसायनाच्या नावात ते नसते.

या शब्दाचे मूळ आपल्याकडचे आहे. संस्कृतात 'शर्करा' म्हणजे वाळू, बारीक खडे. उसाच्या रसापासून केलेले दाणे तसेच दिसतात म्हणून त्यांनाही तेच नाव मिळाले. आपण आजही 'खडीसाखर' म्हणतो. प्राकृतातून आपली 'साखर' आली, तर ग्रीक व लॅटिनमार्गे युरोपात 'सॅकॅरम' पोहोचले. लिनियसने १७५३ मध्ये उसाचे नाव 'सॅकॅरम ऑफिसिनॅरम' असे दिले. मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्याने १७७६ मध्ये मधुमेही रुग्णाचे मूत्र आटवून त्यात साखर असल्याचे दाखवले. त्या काळचे वैद्य अशा द्रव्याला 'सॅकरिन' म्हणत, आणि त्यात निंदेचा लवलेशही नसे. 'बेगडी गोडव्याचा' हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास चिकटला, म्हणजे रसायनाच्या शोधाआधीच. तेव्हा बदनामी साखरेचीच झाली, नकली साखरेची नव्हे.

साखरेसारख्या लाडक्या पदार्थाच्या वाट्याला हे का यावे? एक साधा प्रयोग वर्गात करता येईल. पाच पेल्यांत प्रत्येकी २०० मिलिलिटर पाणी घेऊन त्यांत अनुक्रमे १, २, ४, ८ व १६ चमचे साखर विरघळवा. मुलांनी प्रत्येकातले चमचाभर पाणी चाखावे, मध्ये साध्या पाण्याने चूळ भरावी, आणि दोन रकान्यांत गुण द्यावेत : किती गोड लागले आणि किती आवडले. (मधुमेह असलेल्यांनी अर्थातच नुसती नोंद ठेवावी.) पहिल्या रकान्यातील आकडे चढत जातात. दुसऱ्यातील आकडे बऱ्याच जणांच्या बाबतीत काही अंतर चढून खाली येतात. सर्वांचे शिखर एकाच पेल्यावर येत नाही, आणि आलेखाची खरी गंमत तिथेच आहे. गोडी आणि आवड या दोन वेगळ्या राशी आहेत.

आपल्याकडे फार गोड खाल्ले की तोंडाला 'मिठी बसते'. इंग्रजीत अशा खाण्यासाठी 'क्लॉइंग' हे वेगळे विशेषण आहे. त्याचे मूळ जुन्या फ्रेंचमधील 'खिळा ठोकणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे. आपली जीभ मिठीत सापडते, त्यांची खिळली जाते! म्हणून जिलेबीला 'क्लॉइंग' म्हणावे. 'सॅकरिन' हे विशेषण आजच्या इंग्रजीत बहुधा आवाज, हसू, गाणी, चित्रपट आणि भेटकार्डांवरच्या ओळी यांना लागते. मराठीत त्याच्या जवळ जाणारे शब्द म्हणजे 'गुळचट', 'गोडगोड' आणि हेतू असेल तर 'साखरपेरणी'.

आता त्या रसायनाकडे वळू. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात इरा रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टँटिन फाल्बर्ग हे दगडी कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या द्रव्यांवर काम करीत होते. जेवताना पाव गोड लागला, तेव्हा हाताला काहीतरी लागले आहे हे त्यांच्या ध्यानात आले. (हात न धुता जेवण्याचा हा धडा मुलांना देऊ नये!) पुढे फाल्बर्ग यांनी एकट्याच्या नावावर पेटंट घेतले आणि गुरुशिष्यांत कायमची कटुता आली.

कटुता त्या पदार्थातही आहे. साखरेच्या सुमारे ३०० ते ४०० पट गोड असलेले सॅकरिन थोडे जास्त झाले की कडवट लागते. जिभेवरील गोडीचा ग्राही 'टी१आर२' व 'टी१आर३' या दोन प्रथिनांच्या जोडीने बनतो, हे २००१ पासून ठाऊक आहे. सॅकरिन कमी असेल तेव्हा ते या ग्राहीला जागे करते. मात्रा वाढली की ते त्याच प्रथिनांवरील दुसऱ्या जागी बसून त्याला दाबते, शिवाय कडू चवीचे काही ग्राही चेतवते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने आणखी एक कोडे सोडवले. तीव्र सॅकरिननंतर चूळ भरली की साधे पाणीच गोड लागते, कारण दाबणारे रेणू आधी धुऊन जातात आणि ग्राही पुन्हा जागा होतो.

म्हणजे विशेषणाची बदनामी आधी झाली, आणि तिला शोभेल असा पदार्थ मागाहून सापडला. हा निव्वळ योगायोग, पण वर्गात सांगण्याजोगा.

बाईंनी गुण परत दिला नाही. लाल रेघेखाली मात्र त्यांनी लिहिले, "अर्थ बरोबर, पण आजीसाठी साधे 'स्वीट' पुरे." मुलीने विचारले, "मग कोशात तसे का लिहीत नाहीत?" आम्ही तिचा कोश मागवून पाहिला. खिशात मावेल असा तो छोटा कोश होता. अर्थ तीन दिलेले होते, वापराचे उदाहरण एकही नव्हते.