पाठ न करायचं पुस्तक

संधिवाताच्या रुग्णाचं मेथोट्रेक्सेट आधीपासून चालू आहे. आता लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कुणीतरी ट्रायमेथोप्रिम लिहिलं. दोन्ही औषधं फोलेटच्या मुळावर उठतात. एकत्र पडली की अस्थिमज्जा दबते, रक्तपेशी घटतात. हे कॉलेजात शिकवलेलं असतं, पण वॉर्डातल्या घाईत आठवेलच याचा नेम नाही. ब्रिटनमधला फार्मासिस्ट अशा वेळी बीएनएफ उघडतो. ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरी.

युद्धकाळात, 1941 साली निघालेली नॅशनल वॉर फॉर्म्युलरी ही तिची पूर्वज. 1949 साली बीएनएफ आली, पण तिला आजचं वजन मिळालं ते 1981च्या नव्या मांडणीनंतर. शरीरसंस्थांनुसार प्रकरणं आणि दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती. डॉक्टरांची ब्रिटिश मेडिकल असोसिएशन आणि फार्मासिस्टांची रॉयल फार्मास्युटिकल सोसायटी मिळून ती काढतात. या दोन व्यवसायांचं एकमेकांशी किती जमतं हे ठाऊक असलेल्यांना यातलं अप्रूप कळेल.

माझ्या मते तिचा खरा गुण म्हणजे तिला स्वतःचं मत आहे. कंपनीचं माहितीपत्रक स्वतःच्या मालाला कमी लेखणार नाही. बीएनएफनं मात्र वर्षानुवर्षं काही औषधांवर ‘लिहून देण्यास कमी योग्य’ अशी खूण छापली. गंभीर आंतरक्रियांपुढे काळा टिपका असे. मेथोट्रेक्सेटबद्दल तर ती हात धरून शिकवते: संधिवातात डोस आठवड्यातून एकदाच, आणि गोळ्या शक्यतो एकाच ताकदीच्या, सहसा अडीच मिलिग्रॅमच्या द्या. आठवड्याचा डोस रोज घेतला गेला तर जिवावर बेततं, म्हणून एवढा काच.

शेवटी पिवळं कार्ड असतं. थॅलिडोमाइडच्या अनर्थानंतर 1964 साली सुरू झालेल्या योजनेचं हे कार्ड फाडायचं, दुष्परिणाम लिहायचा आणि पाठवायचा. औषधाबद्दल वाचणाऱ्यानं औषधाबद्दल कळवायचंही असतं, हे विद्यार्थ्याला त्या पानावर कळतं. नोंदणी परीक्षेच्या एका पेपरला पूर्वी हे पुस्तक सोबत नेता येई. तिथं पाठांतराला किंमत नव्हती. नेमकं कुठं पाहायचं आणि वाचलेलं समोरच्या रुग्णाला कसं लागू करायचं, ते विचारत.

आपल्याकडे नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया 1960 साली निघाली. 1979च्या तिसऱ्या आवृत्तीनंतर चौथीला तीन दशकं लागली. एवढ्या काळात औषधांचं अख्खं कपाट बदलतं. 2008 साली सुरू झालेल्या फार्म.डी. अभ्यासक्रमाचे विद्यार्थी आपल्या वॉर्डांत फिरू लागले. त्यांच्यातले काही बीएनएफही चाळतात. पण आपल्या बाजारात दोन-तीन औषधं एकत्र केलेल्या गोळ्यांचा सुळसुळाट आहे, आणि त्यातल्या कित्येक तिथं सापडत नाहीत. मग पट्टीच्या मागचे घटक वाचायचे, प्रत्येक औषध वेगळं काढून शोधायचं आणि एकमेकांशी त्यांचं पटतं का, हे स्वतः ताडून पाहायचं.