आयुष्य वाढवणारी गोळी?

मातीत आढळणारा सी. एलेगन्स नावाचा एक कृमी आहे. लांबी जेमतेम एक मिलिमीटर, मज्जापेशी अवघ्या ३०२ आणि आयुष्य दोन-तीन आठवड्यांचे. त्याचे म्हातारपण लवकर येते, म्हणून वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्यांना तो सोयीचा पडतो.

अमेरिकेत सिएटल येथे नोबेल पारितोषिक विजेत्या लिंडा बक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तब्बल ८८,००० रसायने या कृमींवर तपासून पाहिली. २००७ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मियान्सेरिन या नैराश्यावरील औषधाने कृमींचे आयुष्य सुमारे ३० टक्क्यांनी वाढले होते.

हे कसे घडले? मज्जापेशी एकमेकींना रसायनांमार्फत निरोप देतात. सेरोटोनिन हे असेच एक रसायन. मियान्सेरिन त्याचा निरोप अडवते. अन्न कमी दिले तर हे कृमी जास्त जगतात, हे आधीच ठाऊक होते. पण कमी अन्नावर ठेवलेल्या कृमींना मियान्सेरिन देऊनही त्यांचे आयुष्य आणखी वाढले नाही. यावरून संशोधकांनी अंदाज बांधला की, अन्न पुरेसे असतानाही या औषधामुळे कृमीला उपासमारीचा भास होत असावा.

पुढच्याच वर्षी जर्मनीतील संशोधकांना मात्र उलट अनुभव आला. अशाच औषधांनी कृमींचे आयुष्य घटले. एका कृमीबद्दलही जिथे एकमत नाही, तिथे माणसाबद्दल काय बोलावे?

आपल्या घरांत नैराश्याच्या गोळ्या अनेकदा लपवून घेतल्या जातात. 'ईमान कमजोर आहे' असा टोमणा ऐकावा लागेल, ही भीती असते. आजारावर इलाज करण्याची शिकवण खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे, मनाचा आजार त्यातून कसा वगळणार? म्हणून अशी बातमी वाचून कोणी गोळी सुरू करू नये आणि घेत असलेली मनाने बंदही करू नये. मियान्सेरिनने गुंगी येते, क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी घातक प्रमाणात कमी होतात. रमजानमध्ये रोजे ठेवायचे असतील, तर गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना आधीच विचारून घ्याव्यात.

आयुष्य किती, हे अल्लाहच्या हाती. शरीर आणि मन ही त्याची अमानत आहे. ती सांभाळणे आपल्याकडे सोपवले आहे.