फ्रेंच भाषेतील व्यवसाय-परिभाषा : अध्ययनाची एक दिशा

फ्रेंचचे पदव्युत्तर अध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्यास साहित्याची भाषा बरीच अवगत असते. परंतु एखाद्या लहानशा फ्रेंच कंपनीची नियमावली, दुकानाचा भाडेपट्टा किंवा वर्षाअखेरचा ताळेबंद त्याच्यापुढे ठेवला, तर तो अडखळतो. विशेष हे की, त्या कागदांतील बहुतेक शब्द त्याच्या परिचयाचेच असतात. 'सोसिएते' म्हणजे समाज, 'सोसियाल' म्हणजे सामाजिक, 'एग्झेर्सिस' म्हणजे पाठाखालचा अभ्यास, हे त्याने पूर्वीच शिकलेले असते आणि नेमकी तेथेच त्याची फसगत होते. अपरिचित शब्द अडला म्हणजे तो कोश उघडतो. परिचित शब्दाच्या बाबतीत तशी गरजच त्याला वाटत नाही.

व्यवसायविषयक फ्रेंच शब्दांपैकी पुष्कळसे शब्द वस्तूंची नावे नसून कायद्याने घडविलेल्या संस्थांची नावे आहेत. तेव्हा शब्दापुढे प्रतिशब्द मांडून ते साध्य होत नाहीत. त्या शब्दाने कोणावर कोणते दायित्व येते हे कळले, म्हणजेच शब्द कळला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. व्यवसायाच्या आरंभापासून समाप्तीपर्यंतच्या क्रमाने काही निवडक संज्ञा घेऊन ते स्पष्ट करण्याचा येथे यत्न केला आहे. फ्रेंच उच्चार देवनागरीत स्थूलमानानेच दर्शविता येतात. अनुनासिक स्वर अनुस्वाराने सुचविले आहेत.

१. परिभाषेची घडण

या परिभाषेस दीर्घ इतिहास आहे. इ. स. १५६३ मध्ये नवव्या शार्लच्या राजाज्ञेने पॅरिसमध्ये व्यापाऱ्यांचे तंटे व्यापाऱ्यांनीच निवडलेल्या न्यायाधीशांपुढे चालविण्याची व्यवस्था झाली. पुढे कोल्बेरच्या कारकिर्दीत १६७३ मध्ये व्यापारविषयक अध्यादेश निघाला. त्याच्या रचनेत झाक साव्हारी या अनुभवी व्यापाऱ्याचा वाटा एवढा मोठा होता की, लोक त्यास 'साव्हारी-संहिता' म्हणू लागले. नेपोलियनच्या काळी १८०७ साली 'कोद द कोमेर्स' ही व्यापारसंहिता सिद्ध झाली. बाजारपेठेतील बोली आणि न्यायासनाची भाषा यांचा असा संगम झाल्यामुळे फ्रेंचमधील साधा व्यापारी शब्दही बहुधा कायद्याचा अर्थ वाहून नेतो. व्यापाऱ्यांतून निवडलेले न्यायाधीश ही प्रथा अद्याप चालू आहे. मात्र १ जानेवारी २०२५ पासून बारा शहरांतील अशा न्यायालयांस प्रायोगिक स्वरूपात 'आर्थिक व्यवहार न्यायालय' असे नाव व अधिक व्यापक अधिकार दिले गेले आहेत.

२. व्यवसाय करणारा कोण?

'आंत्रप्रनर' हा शब्द इंग्रजीमार्गे जगभर पसरला. त्यास आर्थिक विचारात स्थान मिळाले ते रिशार कांतियों याच्या १७५५ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने. निश्चित किमतीस विकत घेऊन अनिश्चित किमतीस विकणारा, अर्थात अनिश्चिततेचा भार स्वतःच्या शिरावर घेणारा, तो आंत्रप्रनर, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. आजच्या फ्रेंचमध्येही बांधकामाचे काम अंगावर घेणाऱ्यास हाच शब्द लावतात. म्हणजे मराठीतील 'उद्योजक' आणि 'कंत्राटदार' हे दोन्ही अर्थ त्यात नांदतात, व कोणता घ्यावयाचा ते संदर्भावरून ठरते.

कायदा मात्र अधिक बारीक भेद करतो. व्यापारी कृत्ये हाच नित्याचा धंदा असलेला तो 'कोमेर्सां'. हस्तकौशल्याने माल घडविणारा किंवा सेवा देणारा तो 'आर्तिझां'. वैद्य, वकील, वास्तुविशारद इत्यादींचा वर्ग 'प्रोफेसियों लिबेराल' या नावाने ओळखला जातो. हे भेद केवळ शब्दांपुरते नाहीत. १९९८ च्या कायद्यानुसार ज्या जागी पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंतची कामे स्वतः केली जातात, त्याच दुकानास 'बूलांजरी' अशी पाटी लावता येते. तयार पाव आणून विकणाऱ्यास ती लावता येत नाही.

नोंदणीसाठी पूर्वी निरनिराळ्या वर्गांस निरनिराळी कार्यालये होती. १ जानेवारी २०२३ पासून सर्वांसाठी 'गिशे युनिक', म्हणजे एकच खिडकी, सुरू झाली. नोंद झाली की व्यवसायास नऊ अंकी 'सिरेन' क्रमांक मिळतो. त्यापुढे पाच अंक जोडून प्रत्येक ठिकाणाचा चौदा अंकी 'सिरेत' क्रमांक होतो. पहिला क्रमांक व्यवसायाचा, दुसरा त्याच्या जागेचा. अर्जात एकाच्या जागी दुसरा लिहिणे हा नवशिक्याचा नेहमीचा प्रमाद होय.

३. 'सोसिएते' आणि 'सोसियाल'

नागरी संहितेत 'सोसिएते'चा पाया करारावर घातलेला आहे. दोन वा अधिक व्यक्ती समान उद्योगासाठी काही घालतात आणि होणारा लाभ वाटून घेतात, ती सोसिएते होय. कायद्याने सांगितलेल्या प्रसंगी ती एकाच व्यक्तीचीही असू शकते. प्रत्येकाने जे घातले, तो त्याचा 'आपोर'. हा रोख रकमेचा असेल, वस्तुरूप असेल किंवा 'आं-न्-एंद्युस्त्री' असेल. या शेवटच्या संज्ञेत कारखानदारीचा संबंध नाही. 'एंद्युस्त्री' हा शब्द येथे जुन्या अर्थाने, म्हणजे श्रम व कौशल्य या अर्थाने, टिकून राहिला आहे. एकाने पैसा घालावा आणि दुसऱ्याने अंगमेहनत, ही आपल्याकडील भागीदारीची रीत आठवली की ती संज्ञा सहज कळते.

याच 'सोसिएते'पासून 'सोसियाल' हे विशेषण आले आणि त्याने सर्वांत अधिक घोटाळा केला आहे. 'कापिताल सोसियाल' म्हणजे कंपनीचे भागभांडवल, 'सिएज सोसियाल' म्हणजे तिचे नोंदणीकृत मुख्य ठिकाण, 'ओब्जे सोसियाल' म्हणजे तिचे नियमावलीत नमूद केलेले कार्य. यांत 'सामाजिक' काहीच नाही. उलट 'कोतिझासियों सोसियाल' या पदात हेच विशेषण समाजाशी संबंध दर्शविते, कारण त्या सामाजिक विम्याच्या वर्गण्या होत. 'आब्यु द बियें सोसिओ' हा १९३५ पासून फ्रेंच कायद्यातील गुन्हा आहे. त्याचे 'सामाजिक मालमत्तेचा दुरुपयोग' असे भाषांतर केले, तर वाचकास सार्वजनिक बाग किंवा धर्मशाळा डोळ्यांपुढे येईल. वास्तविक, संचालकाने कंपनीची मालमत्ता जाणूनबुजून, कंपनीच्या हिताविरुद्ध, स्वतःच्या लाभासाठी वापरणे, असा तो अपराध आहे. आपण स्थापन केलेली कंपनी ती आपलीच, असे समजून तिच्या पैशातून घरखर्च भागविणारा मनुष्य या कलमाखाली येऊ शकतो.

'सोसिएते आनोनीम' या नावाचा उलगडाही इतिहासातच मिळतो. १८०७ च्या संहितेत 'सोसिएते आं नों कोलेक्तीफ' या प्रकारात भागीदारांची नावे पेढीच्या नावात येत आणि सर्वजण देण्यास सर्वस्वी बांधलेले असत. याउलट ज्या मंडळीच्या नावात कोणाही भागीदाराचे नाव नसून केवळ उद्योगाचा निर्देश असे, ती 'निनावी' मंडळी. तेव्हा 'आनोनीम' यात गुप्ततेचा भाव नाही. नाव नाही, म्हणून व्यक्तिगत दायित्व नाही, असा त्याचा अन्वय आहे.

४. मर्यादित दायित्व आणि जामीन

लहान उद्योगासाठी १९२५ च्या कायद्याने 'सोसिएते आ रेस्पोंसाबिलिते लिमिते' हा प्रकार निर्माण झाला. त्याचे आद्याक्षरी रूप 'एस-आ-एर-एल' असे आहे. भागीदाराचे दायित्व त्याने घातलेल्या रकमेपुरतेच मर्यादित, असे हे नावच सांगते. १९९४ मध्ये 'एस-आ-एस' हा अधिक लवचीक प्रकार आला. पहिल्याचा चालक 'जेरां', दुसऱ्याचा 'प्रेझिदां'. पहिल्यात भागधारक 'आसोसिए' असतो, आनोनीम कंपनीत तो 'आक्सियोनेर' होतो. ही पदे परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत.

परंतु मर्यादित दायित्वाचे हे अभय पुष्कळदा एका वाक्याने नाहीसे होते. बँक कर्ज देताना चालकाकडून 'कोसियों सोलिदेर' लिहून घेते. 'कोसियों' म्हणजे सावधगिरी नव्हे, तर जामीन. आणि 'सोलिदेर' असल्यामुळे धनको कंपनीकडे न जाता थेट जामीनदारास गाठू शकतो. एरवी जामीनदारास 'बेनेफिस द दिस्क्युसियों' उपलब्ध असते. येथे 'बेनेफिस' म्हणजे नफा नाही आणि 'दिस्क्युसियों' म्हणजे चर्चाही नाही. प्रथम मूळ ऋणकोच्या मालमत्तेवर वसुली करा, असे म्हणण्याचा तो हक्क होय, आणि सोलिदेर जामीनदारास तो नसतो. या चार शब्दांचे कोशातील अर्थ घेऊन सही करणारा मनुष्य आपले राहते घर धोक्यात घालतो, आणि आपण तसे केले हे त्यास कळतही नाही. भाषांतरकाराची जबाबदारी किती मोठी, ते येथे दिसते.

५. दुकान आणि गिऱ्हाईक

'फों द कोमेर्स' या संज्ञेस मराठीत एकशब्दी पर्याय नाही. तो 'फंड' नव्हे आणि दुकानाची इमारतही नव्हे. गिऱ्हाईक, नाव, पाटी, भाडेहक्क, अवजारे व सामान यांचा मिळून जो एकजिनसी समुच्चय होतो, तो फों. १९०९ च्या कायद्याने तो विकण्याची आणि तारण ठेवण्याची रीत ठरविली. इमारत त्यात मोडत नाही, आणि सामान्यतः दुकानदाराचे येणेदेणेही मोडत नाही. 'चालता धंदा विकणे आहे' या आपल्या जाहिरातीतील कल्पना त्याच्या जवळची आहे. त्याचा प्राण म्हणजे 'क्लियांतेल', बांधलेले गिऱ्हाईक. जागेच्या सोयीमुळे येणाऱ्या वाटसरू गिऱ्हाइकास 'आशालांदाज' म्हणतात. 'बियें आशालांदे' दुकान म्हणजे मुळात पुष्कळ गिऱ्हाईक असलेले दुकान. आज बोलण्यात त्याचा अर्थ 'मालाने भरलेले' असा झाला आहे, पण दस्तऐवजात मूळ अर्थच ध्यानात ठेवावा.

दुकानाचा भाडेपट्टा, 'बाय कोमेर्सियाल', किमान नऊ वर्षांचा असतो. सामान्यतः भाडेकरूस दर तीन वर्षांनी तो सोडता येतो, म्हणून व्यवहारात त्यास 'त्रवा-सीस-नफ', अर्थात तीन-सहा-नऊ, म्हणतात. प्रवेश करताना मालकास दिलेली एकठोक रक्कम 'पा-द-पोर्त', आणि निघून जाणाऱ्या भाडेकरूस त्याच्या हक्काबद्दल दिलेली ती 'द्रवा ओ बाय'. मुंबईच्या भाडेव्यवहारात दोन्ही प्रसंगी 'पागडी' हा एकच शब्द चालतो. मराठी वाचकास त्यामुळे कल्पना चटकन येते, पण रक्कम कोणास दिली हा महत्त्वाचा भेद मात्र तो विसरण्याचा संभव असतो.

६. व्यवहार आणि हिशोब

ग्राहकास प्रथम खर्चाचा अंदाज, 'दवी', दिला जातो. ग्राहकाने मान्य करून सही केली की त्याचाच करार होतो. नंतर मागणीपत्र, मालाची पोच आणि शेवटी 'फाक्त्युर', म्हणजे बीजक. 'लेत्र द शांज' ही आपल्या हुंडीची सख्खी बहीण आणि 'एशेआंस' ही तिची मुदत. आगाऊ दिलेल्या पैशास मात्र दोन नावे आहेत. 'आर' हा आपला इसार होय: घेणाऱ्याने माघार घेतली तर तो बुडतो आणि विकणाऱ्याने घेतली तर त्याला दुप्पट परत करावा लागतो. 'आकोंत' हा किमतीचा पहिला हप्ता आहे; तो दिल्यावर दोन्ही पक्ष बांधले जातात आणि रक्कम सोडून मोकळे होण्याची वाट राहत नाही.

हिशोबात 'एग्झेर्सिस' म्हणजे हिशोबी वर्ष, 'बिलां' म्हणजे ताळेबंद, 'फों द रूलमां' म्हणजे खेळते भांडवल. या शेवटच्या जोडीत दोन्ही भाषांनी पैशास गती दिली आहे, हे मौजेचे साम्य होय. 'शिफ्र दाफेर' म्हणजे उलाढाल व 'बेनेफिस' म्हणजे नफा, हा भेद अत्यंत महत्त्वाचा. २००९ पासून अमलात आलेल्या व आज 'मिक्रो-आंत्रप्रनर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुलभ योजनेत सामाजिक वर्गण्या उलाढालीवर आकारतात, आणि प्रत्यक्ष खर्च वजा मिळत नाही. उलाढालीस नफा समजणारा तेथे पहिल्याच वर्षी अडचणीत येतो.

७. व्यवसायाचा अंत

मराठीत 'दिवाळे निघणे' आणि 'दिवाळे काढणे' यांत जो नैतिक भेद आहे, तोच १८०७ च्या संहितेने 'फायित' आणि 'बांकरूत' या शब्दांत केला. देणी थांबली ती फायित. त्यास दोषाची किंवा लबाडीची जोड मिळाली की बांकरूत. हा दुसरा शब्द 'मोडलेले बाक' अशा अर्थाच्या इटालियन पदावरून आला असून, आजही तो गुन्ह्याचेच नाव आहे. व्यावसायिक कायद्यात 'फायित' मात्र मुख्यतः 'फायित पेर्सोनेल' या शिक्षेपुरता उरला आहे. ती झालेल्या मनुष्यास व्यवसाय चालविण्याची बंदी होते.

आजची मुख्य संज्ञा 'सेसासियों दे पेमां' ही आहे. हाताशी असलेल्या साधनांतून देय झालेली देणी भागविता न येणे, असा तिचा अर्थ. म्हणून भरपूर मालमत्ता असलेली, पण रोकड नसलेली कंपनीही या अवस्थेत सापडते. पंचेचाळीस दिवसांच्या आत चालकाने न्यायालयास तसे कळविले पाहिजे. लोक यास 'देपोझे ल बिलां', ताळेबंद ठेवून देणे, म्हणतात. त्यानंतर व्यवसाय सावरण्याजोगा असल्यास 'रद्रेसमां', नसल्यास 'लिकिदासियों'. देणी थांबण्यापूर्वीच संरक्षण मागण्याची 'सोव्हगार्द' ही तिसरी वाट २००५ च्या कायद्याने उघडली. जो 'देपो द बिलां'चे भाषांतर 'कंपनी बंद पडली' असे करतो, तो सावरू शकणाऱ्या व्यवसायाचा मृत्यू आधीच जाहीर करतो.

८. अध्ययनाविषयी

वरील विवेचनावरून अध्ययनाची पद्धती आपोआप सूचित होते. शब्दांची वर्णानुक्रमी यादी पाठ करण्याऐवजी एखादा लहान व्यवसाय, समजा एक पावभट्टी, कल्पून तिचा नोंदणीपासून समाप्तीपर्यंतचा प्रवास फ्रेंचमध्ये लिहावा. प्रत्येक संज्ञेपुढे तीन प्रश्न ठेवावे: कोण बांधला जातो? कोणास? किती मर्यादेपर्यंत? नामाबरोबर क्रियापदही शिकावे. 'देपोझे' हे एकच क्रियापद पाहा: आरंभी भांडवल बँकेत, बोधचिन्ह नोंदणी कार्यालयात, दरवर्षीचे हिशोब न्यायालयाच्या दप्तरात आणि शेवटी ताळेबंद, हे सर्व 'देपोझे' केले जाते.

भाषेच्या पातळ्यांचेही भान हवे. मित्रमंडळीत 'मों बवात', म्हणजे माझी 'पेटी', असे कंपनीविषयी बोलतात. अर्जात तेथे 'आंत्रप्रिझ' किंवा 'सोसिएते' लिहावे लागते. नवोदित उद्योगास शासकीय परिभाषेने 'जन पूस', कोवळा अंकुर, हा शब्द सुचविला असला, तरी बोलण्यात इंग्रजी 'स्टार्ट-अप'च अधिक ऐकू येतो.

मराठीत पेढी, हुंडी, इसार, जामीन, पागडी, दिवाळे असे व्यवहारात मुरलेले शब्द विपुल आहेत. फ्रेंच संज्ञेचे मर्म जाणण्यास ते इंग्रजी प्रतिशब्दांहून पुष्कळदा अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांच्या पाठीशीही देण्याघेण्याची व विश्वासाची एक व्यवस्था उभी आहे. या दोन व्यवस्था जेथे जुळतात आणि जेथे जुळत नाहीत, त्या दोन्ही जागांची नोंद करीत गेल्यास एक उपयुक्त फ्रेंच-मराठी व्यवसायकोश सिद्ध होऊ शकेल. आमच्या अभ्यासकांनी हे काम अंगावर घेण्यासारखे आहे.